सावंतवाडीचा गोल पत्ता

1993 साली 'मॅजिक' या खेळाच्या पत्त्यांनी जमवाजमवीच्या खेळाचे जगभर वेड लावले. त्याच्या कितीतरी आधी चित्रांच्या पत्त्यांचे चुरशीचे डाव आपल्याकडे रंगत होते. बाबराने 1527 मध्ये सिंधच्या शाह हसनला असे पत्ते, म्हणजे गंजिफा, धाडल्याची नोंद त्याच्याच आठवणींत आहे.

मोगली गंजिफा 96 पानांचा. सावंतवाडीच्या दशावतारी संचात मात्र 120 गोल पाने. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतची पाने. तिघे खेळतात, प्रत्येकाच्या वाट्याला 40 पाने येतात. दिवसा रामाची उतारी, रात्री कृष्णाची. खरी मेख पुढेच: पाच रंगांत दश्शी मोठी, उरलेल्या पाचांत एक्का! हुकूम नाही, त्यामुळे पडलेली पाने लक्षात ठेवणाराच तरतो. कच्च्या खेळाडूचे इथे काही खरे नाही.

चिंचोक्याच्या खळीने कडक केलेल्या कापडावर चितारी रंग भरत, वर लाखेचा हात देत. छापील 52 पत्ते स्वस्तात मिळू लागल्यावर हे कष्ट कोण घेणार? 1970 च्या दशकात सावंतवाडीच्या राजघराण्यातील शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यातच ही कला पुन्हा उभी केली. 2024 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. आज संच विकले जातात ते बहुधा शोकेससाठी. डाव मांडणारे विरळाच.