शस्त्रांची नावे : नाशिकच्या एका पिस्तुलापासून

२१ डिसेंबर १९०९ ची रात्र. नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात किर्लोस्कर नाटक मंडळीच्या ‘संगीत शारदा’चा प्रयोग होता. बदली होऊन जाणारे जिल्हाधिकारी ए. एम. टी. जॅक्सन यांना निरोप देण्याचा तो प्रसंग. जॅक्सन संस्कृतचे जाणकार होते. कोकण व गुजरात येथील लोकसमजुतींची त्यांनी जमविलेली टिपणे त्यांच्या पश्चात एन्थोव्हेन यांनी ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. परंतु त्याच वर्षीच्या जून महिन्यात बाबाराव सावरकरांना कवितांच्या प्रकाशनाबद्दल जन्मठेप झाली होती आणि तो खटला वरच्या न्यायालयाकडे जॅक्सन यांनीच पाठविला होता. नाट्यगृहात अनंत कान्हेरे या तरुणाने त्यांच्यावर पिस्तूल झाडले आणि जॅक्सन गतप्राण झाले. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे यांना फाशी देण्यात आली.

ही हकिकत नाशिककरांस तोंडपाठ आहे. येथे ती सांगण्याचे कारण मात्र वेगळे आहे. त्या रात्री झाडले गेलेले शस्त्र हे ‘ब्राउनिंग ऑटोमॅटिक’ पिस्तूल होते. यातील ‘ऑटोमॅटिक’ या शब्दाने तेव्हापासून आजतागायत किती घोटाळा केला आहे, आणि शस्त्राला काय म्हणावे हा केवळ शब्दकोशाचा प्रश्न नसून माणसाच्या आयुष्याचा प्रश्न कसा होतो, याचा थोडा विचार करावयाचा आहे.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. अमेरिकेच्या जॉन ब्राउनिंगने आखलेले आणि बेल्जियममधील कारखान्याने १९०० साली बाजारात आणलेले पिस्तूल ‘ऑटोमॅटिक’ म्हणून ओळखले गेले, कारण एक गोळी सुटली की रिकामे काडतूस आपोआप बाहेर फेकले जाई व दुसरे आपोआप नळीत येई. गोळी सोडण्यासाठी मात्र प्रत्येक वेळी चाप नव्याने ओढावा लागे. आजच्या शास्त्रीय परिभाषेत हे अर्धस्वयंचलित शस्त्र होय. चाप दाबून धरला असता गोळ्यांचा वर्षाव चालू ठेवणारे, म्हणजे खरे स्वयंचलित शस्त्र निराळे. इंग्रजीने एकाच शब्दात दोन गोष्टी कोंबल्या. आपण ‘स्वयंचलित’ हा प्रतिशब्द केला, तेव्हा तो घोटाळाही मराठीत उतरला.

नाशिकच्या खटल्यात शस्त्राच्या ओळखीला केवढे मोल आले, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. लंडनच्या इंडिया हाऊसमध्ये स्वयंपाकी असलेल्या चतुर्भुज अमीन याच्या पेटीच्या चोरकप्प्यातून वीस ब्राउनिंग पिस्तुले मुंबईस आली, असे फिर्यादी पक्षाने मांडले. ही पिस्तुले विनायक दामोदर सावरकर यांनी पाठविली आणि कान्हेऱ्याच्या हातातील पिस्तूल त्या विसांपैकीच एक होते, या दुव्यावर सावरकरांविरुद्धचा दुसरा खटला उभा राहिला. न्यायमूर्ती स्कॉट, चंदावरकर आणि हीटन यांच्या विशेष न्यायासनाने डिसेंबर १९१० मध्ये त्यांना एक जन्मठेप दिली होतीच. जानेवारी १९११ मध्ये खुनास साहाय्य केल्याबद्दल दुसरी दिली. पन्नास वर्षांच्या काळ्या पाण्यातील निम्मी वर्षे अशी एका पिस्तुलाच्या ओळखीवर आधारलेली होती.

त्या काळी हिंदुस्थानात शस्त्रांविषयी कोणता कायदा होता? लॉर्ड लिटन यांच्या कारकीर्दीतील १८७८ चा. त्याच वर्षी त्यांनी देशी भाषांतील वृत्तपत्रांवर बंधने घालणारा कायदाही केला. लेखणी व शस्त्र या दोहोंचे भय सरकारला एकाच वेळी वाटले. वृत्तपत्रांचा कायदा रिपन यांनी लवकरच रद्द केला. शस्त्रांचा कायदा मात्र स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे टिकला. त्याचे मर्म असे की, शस्त्र कोणते यापेक्षा ते कोणाच्या हाती आहे याला त्यात अधिक महत्त्व होते. गोऱ्या माणसाला सवलत होती. नेटिव्हाला परवाना हवा होता. तीच बंदूक एकाच्या खांद्यावर शिकारीचे साधन ठरे आणि दुसऱ्याच्या घरात गुन्हा. काँग्रेसने या कायद्याविरुद्ध पुनःपुन्हा ठराव केले ते याच अन्यायामुळे.

हा प्रकार इंग्रजांनीच शोधून काढला असे मात्र नाही. ११३९ साली पोप इनोसंट दुसरे यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या दुसऱ्या लॅटरन परिषदेने, चाप ओढून बाण सोडणारे आडवे धनुष्य म्हणजे क्रॉसबो वापरणाऱ्यांच्या विद्येचा निषेध केला. ‘ख्रिस्तसभेने क्रॉसबोवर बंदी घातली’ असे पुष्कळ पुस्तकांत सरसकट लिहिलेले आढळते. मूळ नियम वाचला तर दोन गोष्टी दिसतात. एक, त्यात क्रॉसबोबरोबर साध्या धनुर्धाऱ्यांचाही उल्लेख आहे. दुसरी, निषेध आहे तो ख्रिस्ती लोकांविरुद्ध ही विद्या वापरण्याचा. येथे शस्त्र कसे चालते किंवा ते कोणाच्या हाती आहे हे गौण असून ते कोणावर रोखले आहे, हा निकष आहे. राजेरजवाड्यांनी तो फारसा मानला नाही हे इतिहास सांगतोच; इंग्लंडचा राजा रिचर्ड ११९९ साली क्रॉसबोच्याच बाणाने जखमी होऊन मेला.

स्वतंत्र भारताने १९५९ साली नवा शस्त्र कायदा केला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून तो अमलात आला. त्यातील ‘निषिद्ध शस्त्र’ या संज्ञेची व्याख्या पाहण्यासारखी आहे. चापावर दाब दिला असता, तो दाब काढीपर्यंत किंवा मॅगझिन रिकामे होईपर्यंत ज्यातून गोळ्या सुटत राहतात असे अग्निशस्त्र, हा तिचा गाभा. त्यात शस्त्राच्या रूपाविषयी वा दुर्लौकिकाविषयी अक्षर नाही. शस्त्र काय करते एवढेच विचारलेले आहे. तोफा, विषारी वायू सोडणारी साधने आणि सरकार राजपत्रात जाहीर करील ती शस्त्रेही या संज्ञेत येतात.

‘प्रोहिबिटेड बोअर’ ही दुसरी संज्ञा नियमांतून आली, आणि तिच्याविषयीही मोठा गैरसमज आहे. ज्या बोअरला मनाई, ते शस्त्र अधिक संहारक, अशी सर्वसाधारण समजूत आढळते. वस्तुतः १९६२ च्या नियमांत .३०३ व ७.६२ मिलिमीटरच्या रायफली आणि ९ मिलिमीटरची पिस्तुले वेगळी काढली गेली ती त्यांत लष्कराची व पोलिसांची काडतुसे चालतात म्हणून. सरकारी दारूगोळ्याला पाय फुटू नयेत हा त्यामागील हेतू होता. म्हणून .३१५ ची रायफल परवान्यावर मिळू शके आणि .३०३ ची मिळत नसे. दोहोंच्या मारक शक्तीत मात्र तसा जमीन-अस्मानाचा फरक नाही.

आता वृत्तपत्रांकडे वळू. १९९३ च्या मुंबई बाँबस्फोटांनंतर ‘एके-५६’ हे नाव महाराष्ट्रात घरोघर पोहोचले. वास्तविक या नावाची रायफल रशियाने कधी बनविलीच नाही. कलाश्निकोव्हच्या रायफलीची चीनने जी प्रतिकृती केली तिचे नाव ‘टाइप ५६’. त्या आकड्यामागे आपल्याकडे ‘एके’ ही अक्षरे जोडली गेली. वृत्तांत ‘अत्याधुनिक एके-४७’ असा शब्दप्रयोगही नित्याचा आहे. ज्या शस्त्राच्या नावातच १९४७ हे साल आहे ते अत्याधुनिक कसे, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर पोलिसांच्या हातातील जुन्या .३०३ रायफली ‘दुबळ्या’ असल्याची टीका झाली. त्या जुन्या होत्या हे खरे, पण.३०३ च्या गोळीची ऊर्जा कलाश्निकोव्हच्या गोळीच्या सुमारे दीडपट असते. उणीव होती ती वेगाची. एकीला प्रत्येक गोळीनंतर हाताने खटका मागेपुढे करावा लागतो, तर दुसरी तीस गोळ्यांचे मॅगझिन काही क्षणांत रिते करते. तुकाराम ओंबळे यांनी गिरगाव चौपाटीजवळ रायफलीची नळी हातांनी धरून ठेवली तेव्हा त्यांनी अडविला तो हा वेग, स्वतःच्या देहाने.

या चुका क्षुल्लक वाटतील. नावात काय आहे, असे कोणी म्हणेल. न्यायालयात मात्र नावातच सारे असते. टाडा कायद्याच्या पाचव्या कलमान्वये अधिसूचित क्षेत्रात विशिष्ट शस्त्रे विनापरवाना बाळगणे हाच दहशतवादाशी जोडलेला गुन्हा होता, आणि त्यास किमान पाच वर्षांची शिक्षा होती. या विशिष्ट शस्त्रांत स्वयंचलित रायफलीबरोबर साधी पिस्तुले व रिव्हॉल्व्हरही येत. १९९४ साली अभिनेते संजय दत्त यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाला स्पष्ट करावे लागले की, शस्त्राचा दहशतवादी कृत्याशी संबंध नव्हता हे दाखवून देण्याची संधी आरोपीला आहे. पुढे २००६ साली विशेष न्यायालयाने त्यांना टाडाच्या आरोपांतून मुक्त केले आणि रायफल व पिस्तूल बेकायदा बाळगल्याबद्दल शस्त्र कायद्याखाली दोषी ठरविले. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धी कायम ठेवली आणि शिक्षा कमी करून पाच वर्षांची केली. लोकांच्या बोलण्यात मात्र ‘एके-५६’ आणि ‘दहशतवादी’ हे दोन शब्द कधी सुटे झालेच नाहीत. जे शस्त्र सापडले ते बाळगणे हा गंभीर गुन्हा होता, याविषयी शंका नाही. परंतु गुन्हा कोणता, हे ठरविण्याचे काम शस्त्राच्या दुर्लौकिकावर सोडता येत नाही.

याहून कठोर उदाहरण कायद्यातच होते. १९८८ साली केलेल्या दुरुस्तीने, निषिद्ध शस्त्राच्या वापरामुळे कोणाचा मृत्यू झाल्यास देहदंडाखेरीज दुसरी शिक्षाच ठेवली नव्हती. म्हणजे हातातील शस्त्र ‘निषिद्ध’ या शब्दात बसते की नाही, यावर एका माणसाचे मरण ठरणार होते. ही सक्ती घटनाबाह्य असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली दिला.

शस्त्राचे वर्गीकरण त्याच्या रूपावरून केले की काय होते, हे अमेरिकेने दाखविले. १९९४ साली तेथील संसदेने ‘असॉल्ट वेपन’ म्हटल्या जाणाऱ्या शस्त्रांवर दहा वर्षांची बंदी घातली. सैनिकी ‘असॉल्ट रायफल’ ही संज्ञा दुसऱ्या महायुद्धातील जर्मन रायफलीच्या नावावरून आलेली. ती रायफल खरोखर स्वयंचलित असते. १९९४ च्या कायद्याचा रोख मात्र अर्धस्वयंचलित शस्त्रांवर होता, आणि काही नावे सोडली तर त्याची कसोटी बाह्य लक्षणांची होती : दुमडता दस्ता, पिस्तुलासारखी मूठ, संगीन लावण्याची खाच, इत्यादी. सुट्या मॅगझिनच्या रायफलीत अशी दोन लक्षणे असतील तर ती निषिद्ध. कारखानदारांनी एखादे लक्षण काढून टाकले आणि तीच यंत्ररचना पुन्हा विकावयास आणली. दहाहून अधिक गोळ्यांच्या नव्या मॅगझिनवरील बंदी हा त्या कायद्याचा अधिक अर्थपूर्ण भाग होता. त्याची चर्चा कमी झाली. २००४ साली कायद्याची मुदत संपली. ‘एआर-१५’ मधील अक्षरांचा अर्थ ‘असॉल्ट रायफल’ असा आहे, ही समजूत अजून टिकून आहे. ती अक्षरे ‘आर्मालाइट’ या मूळ कंपनीच्या नावावरून आलेली आहेत.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. शब्दांच्या चुका दाखवून देणारे पुष्कळदा त्या चुकांच्या आड लपतात. ‘ती रायफल मुळी स्वयंचलित नाहीच’ असे म्हटले की जणू प्रश्न मिटला! २०१२ साली सँडी हुक येथील शाळेत वीस मुले व सहा मोठी माणसे मारली गेली ती अर्धस्वयंचलित रायफलीनेच. २०१७ साली लास व्हेगास येथे मारेकऱ्याने रायफलीला असा दस्ता बसविला होता की धक्क्यासरशी चाप बोटावर आपटत राही आणि गोळ्या जवळजवळ स्वयंचलित शस्त्राच्या वेगाने सुटत. त्या दस्त्यांवरील बंदी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली रद्द ठरविली, कारण प्रत्येक गोळीला चाप स्वतंत्रपणे हलतो, म्हणून ती ‘मशिनगन’ नव्हे! व्याख्या कृतीची असली तरी तिचा हेतू विसरला गेला की हे असे होते. उलट न्यूझीलंडने २०१९ मध्ये ख्राइस्टचर्चच्या हत्याकांडानंतर रूपाचा वाद न घालता बहुतेक अर्धस्वयंचलित शस्त्रांवरच बंदी आणली.

आपल्या नाशिक जिल्ह्यात भयाला आधार नाही, असे कोणी म्हणणार नाही. मे २००६ मध्ये चांदवड-मनमाड मार्गावर पाठलाग करून दहशतवादविरोधी पथकाने पकडलेल्या साठ्यात स्फोटकांबरोबर खऱ्या एके-४७ रायफली होत्या. तथापि, जिल्ह्याच्या दैनंदिन बातम्यांत वारंवार येतो तो ‘गावठी कट्टा व जिवंत काडतुसे’ हा मजकूर. कट्टा म्हणजे मुळात एका वेळी एकच गोळी भरावयाचे ओबडधोबड हत्यार. बातमीत मात्र मॅगझिन असलेले देशी पिस्तूलही कट्टाच होते. देशात बंदुकीने होणाऱ्या खुनांपैकी बहुतांश अशा विनापरवाना शस्त्रांनी होतात. एके-४७ चे नाव ऐकून आपण दचकतो. शेजारच्या गल्लीतील कट्ट्याची बातमी मात्र आतल्या पानावर वाचून विसरतो.

शस्त्र कोणाच्या हाती, कोणावर रोखलेले, दिसते कसे, करते काय : इतिहासात हे चार प्रश्न चार काळांनी विचारले. शेवटचा प्रश्न सर्वांत निरस आहे, आणि न्यायासाठी सर्वांत उपयोगी आहे. विजयानंद नाट्यगृहातील ते पिस्तूल एका चापाला एकच गोळी सोडणारे होते. तरी त्याने एका विद्वान अधिकाऱ्याचा जीव घेतला, तीन तरुणांना फासापर्यंत नेले आणि चौथ्याच्या वाट्यास जन्मठेप आणली. शस्त्राचे वर्णन भडक केल्याने त्याचा संहार वाढत नाही, आणि सौम्य केल्याने कमीही होत नाही. पण ज्याच्यावर आरोप आहे आणि ज्याच्या घरचे माणूस गेले आहे, त्या दोघांनाही बातमीतील व निकालपत्रातील शब्द खरा असण्याचा सारखाच हक्क आहे.