निकोलाय चेर्कासोव्ह : नट आणि राज्यसत्ता

१९४२ च्या जुलै महिन्यात, जर्मन फौजा व्होल्गेच्या रोखाने पुढे सरकत असताना, सोव्हिएट सरकारने लष्करी अधिकाऱ्यांसाठी अलेक्सांद्र नेव्हस्कीच्या नावाचे एक सन्मानपदक सुरू केले. तेराव्या शतकातील ह्या राजपुत्राचे त्याच्या हयातीत काढलेले एकही विश्वसनीय चित्र उपलब्ध नव्हते. तेव्हा पदकाचा आराखडा करणाऱ्या तेल्यात्निकोव्ह ह्या वास्तुशिल्पीने चार वर्षांपूर्वीच्या एका चित्रपटाकडे धाव घेतली, आणि त्यात नेव्हस्कीची भूमिका करणाऱ्या निकोलाय चेर्कासोव्हची मुद्रा पदकावर उतरवली. नटाने इतिहासपुरुषाचे सोंग घ्यावे ही नित्याची गोष्ट आहे. येथे इतिहासपुरुषानेच नटाचा चेहरा उसना घेतला.

नटाच्या वाट्याला असा मान क्वचितच येतो. परंतु ह्या मानाच्या पोटात एक अवघड प्रश्न दडलेला आहे. चेहरा एकदा राज्याच्या कामी आला की नटाचा त्याच्यावर कितीसा हक्क उरतो? चेर्कासोव्हच्या कारकिर्दीकडे सामान्यतः यशाची चढती कमान म्हणून पाहिले जाते. पारितोषिके, पदव्या, प्रतिनिधिगृहातील सभासदत्व ह्यांची यादी लांबलचक आहे. तथापि ह्या यादीच्या आड एक दुसराच इतिहास वाहताना दिसतो. राज्यसत्तेला हवा असलेला निःशंक पुरुष आणि नटाच्या देहाला उपजत ठाऊक असलेला साशंक, हास्यास्पद, एकाकी माणूस ह्यांच्यातील झगड्याचा तो इतिहास आहे.

चेर्कासोव्हचा जन्म १९०३ साली पीटर्सबर्ग येथे झाला. क्रांतीनंतरच्या उपासमारीच्या दिवसांत, १९१९ मध्ये, तो मारिन्स्की ह्या संगीत-रंगभूमीवर बिनबोलक्या नटांच्या ताफ्यात दाखल झाला. अशा नटाला ना संवाद, ना गाणे; गर्दीत उभे राहावयाचे आणि मुख्य नटांना पाहावयाचे. परंतु पाहावयास तेथे शल्यापिन होता. केवळ गळ्यानेच नव्हे, तर रंगभूषा, चाल, हाताची ठेवण ह्या साऱ्यांनी भूमिकेत शिरणारा तो गायक-नट चेर्कासोव्हचा पहिला आणि न बोलता शिकवणारा गुरू ठरला. भरताच्या परिभाषेत बोलावयाचे तर सात्त्विक अभिनयाकडे जाण्याची वाट आंगिक आणि आहार्य ह्यांतूनही निघू शकते, हे त्याने तेथे डोळ्यांनी पाहिले.

स्वतःच्या देहाची जाणीव त्याला फार लवकर झाली असली पाहिजे. तो विलक्षण उंच आणि काटकुळा होता. त्याचे हातपाय दोरीने ओढल्यासारखे कोठेही वळत. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातील पेत्रोग्राड शहराला अशा देहाचे मोठे कौतुक होते. सर्कस, मूकचित्रपट आणि जत्रेतील खेळ ह्यांच्या मिश्रणातून नवे नाट्य घडवू पाहणाऱ्या तरुणांचा तो काळ. चेर्कासोव्हने बोरिस चिर्कोव्ह आणि प्यॉत्र बेरेझोव्ह ह्यांच्या साथीने एक विनोदी नृत्य बसवले. बेरेझोव्ह चॅप्लिन होई, चिर्कोव्ह आणि चेर्कासोव्ह हे पाताशाँ आणि पात ह्या डॅनिश विनोदी जोडीची नक्कल करीत. लांबोड्या पातचे काम अर्थातच चेर्कासोव्हकडे असे. हे नृत्य इतके गाजले की त्याची ओळख कित्येक वर्षे हीच राहिली. १९२६ मध्ये लेनिनग्राडच्या नाट्यसंस्थेतून तो पदवी घेऊन बाहेर पडला आणि बालप्रेक्षकांच्या रंगभूमीवर रुजू झाला. तेथे त्याच वर्षी त्याने डॉन किहोटे साकारला. मुलांना हसवण्यासाठी उभा केलेला हा किडकिडीत सरदार पुढे आयुष्यभर त्याची पाठ सोडणार नव्हता.

चौथ्या दशकात हवा बदलली. १९३३ पासून तो लेनिनग्राडच्या जुन्या अलेक्सांद्रिन्स्की, म्हणजे पुढे पुश्किनच्या नावाने ओळखल्या गेलेल्या, नाट्यगृहात काम करू लागला. बोलपटही आता स्थिरावला होता. ज्यूल व्हर्नच्या कथेवरील १९३६ च्या चित्रपटात त्याने विसरभोळा भूगोलतज्ज्ञ पागानेल रंगवला. तेथवर जुना पात ओळखू येतो. परंतु त्यापाठोपाठ आलेल्या ‘बाल्टिकचा प्रतिनिधी’ ह्या चित्रपटात झार्खी आणि खेइफित्स ह्या दिग्दर्शकांनी त्याला वृद्ध प्राध्यापक पोलेझायेव्हची भूमिका दिली. ह्या पात्रामागे वनस्पतिशास्त्रज्ञ तिमिर्याझेव्ह ह्याचे चरित्र होते. पोलेझायेव्ह पंचाहत्तरीचा, नट अवघा तेहेतिसाचा. चेर्कासोव्हने म्हातारपणाचे दुबळेपण दाखवण्याचा सोपा मार्ग टाळला. त्याचा प्राध्यापक चपळ आहे, खोडकर आहे, त्याच्या हालचालींत एक प्रकारचे पोरपण आहे. विनोदी नर्तकाने कमावलेले सारे अंगबळ येथे गंभीर भूमिकेच्या कामी आले. ह्याच सुमारास त्याने व्लादिमीर पेत्रोव्हच्या ‘पहिला पीटर’ ह्या दोन भागांच्या चित्रपटात पीटरचा दुर्बळ, भेदरलेला राजपुत्र अलेक्सेय उभा केला. वृद्ध आणि तरुण, तेजस्वी आणि नासका, अशी दोन टोके एकाच नटाने एकाच वेळी पेलावीत, हे पाहून त्या काळच्या प्रेक्षकाला नवल वाटल्यास नवल नाही.

१९३८ मधील ‘अलेक्सांद्र नेव्हस्की’ हा ह्या प्रवासातला निर्णायक टप्पा. दिग्दर्शक आयझेन्स्टाइन, संगीतकार प्रोकोफिएव्ह, आणि विषय ट्यूटॉनिक सरदारांचा गोठलेल्या सरोवरावर झालेला पराभव. भर उन्हाळ्यात कृत्रिम बर्फावर चित्रित झालेल्या ह्या युद्धात चेर्कासोव्हला फार थोडे बोलावयाचे होते आणि बहुतेक वेळ ताठ उभे राहावयाचे होते. ज्या देहाची सारी गंमत वाकण्यात होती, तो येथे पुतळ्यासारखा सरळ झाला. ह्या नेव्हस्कीला भय नाही, संशय नाही, पश्चात्ताप नाही. चित्रपटाचे नशीब मात्र तितके निःशंक नव्हते. १९३९ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीशी करार होताच तो पडद्यावरून काढून घेण्यात आला, आणि १९४१ च्या जूनमध्ये जर्मनीने हल्ला करताच पुन्हा घाईने दाखवण्यात येऊ लागला. नटाचा तो करारी चेहरा राज्याच्या गरजेनुसार झाकला आणि उघडला गेला. पुढच्याच वर्षी तो पदकावर आला.

युद्धकाळात त्याची नाटकमंडळी नोव्होसिबिर्स्कला हलली, आणि तेथून तो आल्मा-आता येथे आयझेन्स्टाइनच्या ‘भयंकर इव्हान’ ह्या चित्रपटासाठी गेला. हे चित्रण बव्हंशी रात्री चाले, कारण दिवसा वीज कारखान्यांना लागे. सोळाव्या शतकातील ह्या झारची कथा पडद्यावर आणण्याची कल्पना स्टालिनच्या राजवटीला प्रिय होती. विखुरलेली सत्ता एकवटणारा कठोर राजा तिला हवा होता. आयझेन्स्टाइनने मात्र राजाच्या मनातील काळोखाकडे लक्ष वळवले. त्यासाठी त्याने चेर्कासोव्हचा देह अक्षरशः पिळून काढला. मान लांबवलेली, कणा मुरडलेला, छत बुटके, सावली प्रचंड. चित्रचौकटीच्या सौंदर्यापायी नटाला इतक्या अवघड मुद्रा घ्याव्या लागत की त्यांना आतून अर्थ देणे कठीण होई, अशी तक्रार चेर्कासोव्हने पुढे १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत नोंदवली आहे. ही तक्रार खरी मानली तरी एक गोष्ट विसरता येत नाही. त्या मुद्रांमधूनच नेव्हस्कीच्या वेळी गोठलेला देह पुन्हा वाकला, आणि वाकताना त्याने संशय, भीती व अपराध ह्यांना वाट करून दिली.

पहिला भाग १९४५ च्या आरंभी दाखवण्यात आला आणि पुढील वर्षी त्याला स्टालिन पारितोषिक मिळाले. दुसरा भाग त्याच वर्षी सप्टेंबरमधील पक्षाच्या ठरावाने निषिद्ध ठरला. इव्हानला दुबळा आणि हॅम्लेटसारखा अनिश्चयी दाखवले, असा आरोप होता. २५ फेब्रुवारी १९४७ च्या रात्री अकराच्या सुमारास दिग्दर्शक आणि नट ह्या दोघांनाही क्रेमलिनमध्ये बोलावण्यात आले. समोर स्टालिन, मोलोतोव्ह आणि झ्दानोव्ह होते. तासाभराहून अधिक चाललेल्या ह्या भेटीची टिपणे दोघा कलावंतांनी मागे ठेवली, आणि विसाव्या शतकाच्या कलेतिहासात त्यांना तोड नाही. स्टालिनच्या मते इव्हान क्रूर होता हे दाखवण्यास हरकत नव्हती, मात्र क्रौर्य का आवश्यक होते तेही दाखवावयास हवे होते. इव्हानची चूक एवढीच की त्याने उरलेली पाच मोठी सरदार घराणी निकालात काढली नाहीत. तो एकाला मारी आणि मग दीर्घकाळ प्रार्थना व पश्चात्ताप करीत बसे. देव त्याच्या आड आला.

त्याच बैठकीत इव्हानच्या दाढीचाही विषय निघाला, आणि ती यापुढे आखूड करण्याचे आयझेन्स्टाइनने मान्य केले. चेर्कासोव्हच्या परकायाप्रवेशाच्या सामर्थ्याची स्टालिनने प्रशंसा केली. त्यावर, शल्यापिन मारिन्स्कीत गात असताना आपण तेथे बिनबोलक्या भूमिका करीत होतो आणि तेथेच पुष्कळ शिकलो, असे चेर्कासोव्हने सांगितले. हे उत्तर नम्रतेचे आहे, आणि सावधपणाचेही आहे. जीव मुठीत धरून बसावे अशा त्या खोलीत नटाने आपल्या विद्येच्या उगमाचे नाव घेतले. तो गुरू मात्र १९२२ साली देश सोडून गेलेला आणि परदेशातच वारलेला होता. चित्रपट सुधारण्याची परवानगी मिळाली, पण आयझेन्स्टाइन पुढल्या फेब्रुवारीत निवर्तला आणि ती सुधारणा कधीच झाली नाही.

ह्यानंतरची पाचसहा वर्षे चेर्कासोव्हच्या वैभवाची आणि, कलेच्या दृष्टीने पाहता, ओसाडीची आहेत. १९४७ मध्ये त्याला ‘सोव्हिएट संघाचा लोककलावंत’ ही पदवी मिळाली. बिनतारी संदेशाचा संशोधक पोपोव्ह, समीक्षक स्तासोव्ह अशा थोर पुरुषांची चरित्रे त्याने पडद्यावर उभी केली. ह्या भूमिकांत कौशल्याची उणीव नाही, परंतु ह्या महापुरुषांपैकी एकालाही रात्री झोप न येण्याचे कारण दिसत नाही. १९५०-५१ च्या हिवाळ्यात दिग्दर्शक पुदोव्किन ह्याच्यासमवेत तो भारतात आला, येथील कलावंतांना भेटला आणि परतल्यावर त्याने ह्या प्रवासाचे वर्णनही लिहिले. भारतीयांना तेव्हा दिसला तो सोव्हिएट संस्कृतीचा भारदस्त, उंचापुरा प्रतिनिधी. त्याच्या आतला पात आणि किहोटे त्या काळी रजेवर होते.

ते परतले १९५६ नंतर. पक्षाच्या विसाव्या अधिवेशनाने स्टालिनपूजेची इमारत हादरवली, आणि १९५७ मध्ये कोझिन्त्सेव्हने ‘डॉन किहोटे’ पडद्यावर आणला. कोझिन्त्सेव्ह हा स्वतः तिसऱ्या दशकातील त्या सर्कसवेड्या नाट्यचळवळीचा एक संस्थापक. पटकथा येव्गेनी श्वार्ट्सची होती. क्रिमियाची उघडी माळराने ला मांचाच्या जागी उभी राहिली. चेर्कासोव्हचा हा तिसरा किहोटे. पहिला १९२६ चा बालरंगभूमीवरचा. दुसरा १९४१ च्या मार्चमधला, बुल्गाकोव्हच्या नाटकातला, ज्याचा प्रयोग नाटककाराला पाहता आला नाही, कारण तो आदल्या वर्षीच वारला होता. तिसऱ्या वेळी नट किहोटेच्याच वयाला आला होता. आता तो हसवतो, पण हसणाऱ्यांना लाज वाटावी अशा रीतीने. सरदारवाड्यातील मंडळी त्याची खिल्ली उडवतात तेव्हा तो अपमान सोसणारा चेहरा पदकावरच्या चेहऱ्याहून वेगळा नाही. फरक एवढाच की आता त्याच्यामागे कोणतेही राज्य उभे नाही.

१९५८ साली दोन घटना घडल्या. बारा वर्षे कुलपात पडलेला ‘भयंकर इव्हान’चा दुसरा भाग प्रेक्षकांसमोर आला. आणि त्याच वर्षी पुश्किन नाट्यगृहात बुल्गाकोव्हचे, १९२८ पासून प्रयोगाला मुकलेले, ‘पलायन’ हे नाटक सादर झाले. त्यात चेर्कासोव्हने खलुदोव्ह ह्या श्वेत सेनापतीची भूमिका केली. खलुदोव्हने क्रिमियात असंख्य माणसे फासावर चढवली आहेत. तोंडावर सत्य बोलणाऱ्या एका साध्या शिपायालाही त्याने फाशी दिली, आणि त्या शिपायाची छाया त्याला कॉन्स्टँटिनोपलपर्यंत सोडत नाही. तो तिच्याशी बोलतो, भांडतो, विनवतो. अकरा वर्षांपूर्वी क्रेमलिनमध्ये ज्या पश्चात्तापाला राजाचा दोष म्हटले गेले होते, तोच आता त्या नटाच्या भूमिकेचा प्राण झाला. हा योग चेर्कासोव्हने जाणूनबुजून साधला असे म्हणण्याला आधार नाही, आणि तसे म्हणण्याची गरजही नाही. नटाच्या बाबतीत बुद्धीच्या आधी देह उत्तर देतो.

शेवटच्या वर्षांत अल्योशिनच्या ‘सारे माणसांसाठीच उरते’ ह्या नाटकातील मरणोन्मुख शास्त्रज्ञ द्रोनोव्ह त्याने रंगभूमीवर व नंतर १९६३ च्या चित्रपटात साकारला, आणि पुढील वर्षी त्याला त्यासाठी लेनिन पारितोषिक मिळाले. १४ सप्टेंबर १९६६ रोजी लेनिनग्राड येथे त्याचे निधन झाले.

चेर्कासोव्हला राजवटीचा बळी म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, आणि केवळ तिचा भाट म्हणणे अन्यायाचे. त्याने मान स्वीकारले, भाषणे केली, जे बोलावयास सांगितले ते बहुधा बोलला. तरीही त्याच्या उत्तम भूमिका काळाच्या कसोटीवर घासून पाहिल्या तर टिकतात त्या वाकलेल्या देहाच्या: पोलेझायेव्हचे पोरपण, अलेक्सेयचा थरकाप, इव्हानची रात्र, किहोटेची फजिती, खलुदोव्हची पछाडलेली नजर. ताठ उभा राहणारा नेव्हस्की डोळ्यांत भरतो. पण तो आपल्याला काही विचारीत नाही. पदकासाठी निवडला गेला तो हाच चेहरा. सत्तेने नटाकडून आपल्याला हवे ते नेमके उचलले आणि त्याच्याजवळचे सर्वांत मोलाचे तेवढे तिच्या नजरेतून निसटले, हीच ह्या कारकिर्दीतील सांत्वनाची बाजू होय.