पेव : वऱ्हाडातले जमिनीखालचे कोठार

पेव म्हणजे धान्य साठवण्यासाठी जमिनीत खोदलेला खड्डा. त्याचे तोंड अरुंद आणि पोट रुंद असते. काळी माती ओल धरते व उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून अकोला-अमरावतीच्या काळ्या मुलखात पेवासाठी गावठाणातली उंच, कोरडी पांढरी जागा सोयीची. तळाला व कडांना कडबा लावून ज्वारी भरत आणि तोंड मातीने लिंपून बंद करत. आतल्या हवेतला प्राणवायू संपत असल्याने कीड गुदमरून मरे. हीच कोंडलेली हवा माणसालाही जीवघेणी ठरे. त्यामुळे पेव उघडल्यावर ते काही काळ मोकळे ठेवून मगच आत उतरत.

1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांकडे गेले. 1861 ते 1865 च्या अमेरिकी यादवीने कापसाचा भाव वाढला, 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. कापूस वाढला, धान्य दूरच्या बाजारांशी जोडले गेले. पुढे गोदामे आली आणि पेवे बुजत गेली.

इंग्रजीतला ‘सायलो’ हा स्पॅनिशमधून आलेला शब्दही मूळचा अशाच खड्ड्याचा. पुढे तो उंच कोठाराला आणि क्षेपणास्त्राच्या भूमिगत विवरालाही लागला. मराठीत मात्र ‘पेव फुटणे’ म्हणजे एखादी गोष्ट एकाएकी उदंड होणे. खड्डा बुजला, तरी भाषेने तो जपला आहे.