संगणकाची वीजपेटी : थोडा इतिहास आणि थोडा हिशेब

शाळेतला संगणक बंद पडला की तपासायला आलेला मेकॅनिक बहुधा एकच वाक्य बोलतो : "एसएमपीएस गेलाय." बुलढाणा जिल्ह्यात घाटावरची चिखली-मेहकरकडची शाळा घ्या किंवा घाटाखालची मलकापूर-नांदुऱ्याकडची, हे वाक्य न ऐकलेला शिक्षक विरळाच. नवा एसएमपीएस काही शे रुपयांत मिळतो आणि तीन हजारांतही मिळतो. दोन्हींवर '४५० वॅट' असेच छापलेले असते. मग जास्त पैसे का मोजायचे? शाळा व्यवस्थापन समितीत हा प्रश्न निघाला की सर्वांच्या नजरा विज्ञानाच्या शिक्षकाकडे वळतात. या पेटीचा इतिहास माहीत असेल तर उत्तर देणे सोपे जाते.

लोखंड कमी कसे झाले?

संगणकातील चिपांना कमी व्होल्टचा, स्थिर आणि एकदिश प्रवाह लागतो. भिंतीतून येते ती मात्र २३० व्होल्टची, सेकंदाला ५० आवर्तने करणारी वीज. जुनी पद्धत सरळ होती. रोहित्राने म्हणजे ट्रान्सफॉर्मरने व्होल्ट कमी करायचे, डायोडने प्रवाह एकदिश करायचा, कपॅसिटरने चढउतार बुजवायचे आणि जास्तीचा दाब एका ट्रान्झिस्टरमध्ये उष्णतेच्या रूपाने जाळून टाकायचा. यात निम्मी किंवा त्याहूनही अधिक वीज वाया जाई. शिवाय पेटी भलतीच जड असे.

ती जड का होती, याचे उत्तर फॅरडेच्या १८३१ सालच्या प्रयोगात आहे. गुंडाळीत निर्माण होणारा दाब चुंबकीय प्रवाह किती वेगाने बदलतो यावर ठरतो. ५० आवर्तनांना हा बदल संथ असतो, म्हणून लोखंड आणि वेढे जास्त लागतात. हीच आवर्तने पन्नास हजारांवर नेली तर काडेपेटीएवढा फेराइटचा गाभा पुरतो. गावातली डीपी आणि संगणकातला चिमुकला ट्रान्सफॉर्मर एकाच नियमाने चालतात. फरक वारंवारतेचा, आणि अर्थातच किती वीज वाहून न्यायची त्याचा.

ही कल्पना जुनीच. १९३०च्या दशकात मोटारीतल्या रेडिओला जास्त व्होल्ट हवे असत. तेव्हा थरथरणारी धातूची पट्टी बॅटरीचा प्रवाह तोडत-जोडत असे आणि तो ट्रान्सफॉर्मरला देता येई. पट्टीची टोके मात्र जळून जात. न झिजणारा वेगवान स्विच हवा होता. १९६०च्या दशकाच्या अखेरीस जास्त दाब सोसणारे वेगवान ट्रान्झिस्टर आले आणि ही अडचण दूर झाली. अपोलो यानांवरच्या संगणकातही अशा स्विचिंग पद्धतीचा वीजपुरवठा होता. तिथे वजनाला महत्त्व होते, किमतीला नव्हते.

किंमत उतरवण्याचे काम १९७०च्या दशकात रॉबर्ट बॉशर्ट या अमेरिकन अभियंत्यासारख्यांनी केले. सुटे भाग कमी करत त्यांनी हा पुरवठा सामान्य यंत्रांना परवडेल असा केला. १९७६ मध्ये या स्विचाचे नियंत्रण करणारी एसजी १५२४ ही एकच चिप बाजारात आली. १९७७ च्या 'ॲपल टू' संगणकात रॉड होल्ट यांनी असाच पुरवठा बसवला, त्यामुळे त्या संगणकाला पंखा लागला नाही. १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला. त्याची पेटी फक्त ६३.५ वॅटची होती. पुढच्या सगळ्या पेट्या याच घराण्यातल्या. एसएमपीएस म्हणजे 'स्विच मोड पॉवर सप्लाय', हे नाव त्या तोड-जोडीवरूनच पडले.

आपल्या शाळांत हे तंत्र याच सुमारास पोचले. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारच्या 'क्लास' प्रकल्पातून देशातल्या काही शाळांना 'बीबीसी मायक्रो' हे संगणक मिळाले. या संगणकाच्या अगदी पहिल्या ब्रिटिश आवृत्तीत जुन्या पद्धतीचा पुरवठा होता. तो फार तापे आणि वारंवार बदलावा लागे, म्हणून लवकरच तिथेही स्विचिंग पद्धत आली.

वॅट जागा बदलतात

नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने आयात सोपी झाली. पुढे सुटे भाग जोडून 'असेंबल' केलेले संगणक तालुक्याच्या गावापर्यंत पोचले. त्यात एसएमपीएस कॅबिनेटबरोबरच येई. गिऱ्हाईक प्रोसेसर विचारी, मेमरी विचारी, पण पेटीबद्दल विचारीत नसे. म्हणून काटकसर तिथेच होऊ लागली आणि लेबलावरचा आकडा मात्र वाढत गेला.

त्यातच आणखी एक बदल झाला. पहिल्या पीसीत बहुतेक वीज ५ व्होल्टच्या तारेवर खर्च होई. १९९५ च्या एटीएक्स मानकात ३.३ व्होल्टची तार आली. २००० सालानंतर प्रोसेसर १२ व्होल्टच्या तारेवरून वीज घेऊ लागले. आजही मुख्य भार तिथेच असतो. म्हणून लेबलावरचा मोठा आकडा सोडा आणि '१२ व्होल्ट'समोर किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहा. समजा तिथे १४ अँपिअर आहेत. १२ गुणिले १४ म्हणजे १६८ वॅट. मग वर ४५० लिहिले असले तरी आजच्या संगणकाच्या दृष्टीने ती पेटी १६८ वॅटचीच. वर्गात व्होल्ट गुणिले अँपिअर शिकवताना याहून चांगले उदाहरण कोणते?

आपल्याकडची वीज, आपल्याकडचे ऊन

रब्बीत हरभऱ्याला, गव्हाला पाणी देण्यासाठी मोटारी सुरू झाल्या की गावातला दाब उतरतो. तो २३० वरून १८० वर आला असे धरू. साध्या पिवळ्या बल्बला कमी दाब मिळाला की तो मंद होतो आणि कमी प्रवाह घेतो. एसएमपीएसचे उलट आहे. संगणकाला लागणारे वॅट तेवढेच असतात, म्हणून दाब उतरला की तो जास्त प्रवाह ओढतो. १८० व्होल्टला हा प्रवाह सुमारे सव्वापट होतो. ज्या भागांत उष्णता प्रवाहाच्या वर्गावर ठरते, तिथे ती दीडपटीहून अधिक होते.

दुसरी गोष्ट साठ्याची. वीज क्षणभर गेली तर आतला मोठा कपॅसिटर संगणकाला तगवतो. त्यातली ऊर्जा दाबाच्या वर्गावर अवलंबून असते. १८० व्होल्टला ती २३० व्होल्टच्या मानाने जेमतेम ६१ टक्के उरते. यूपीएस बॅटरीवर जाईपर्यंतचे काही मिलिसेकंद काढायला तेवढी पुरतेच असे नाही. यूपीएस असूनही संगणक 'रीस्टार्ट' होतो, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते. '१०० ते २४० व्होल्ट' असे लिहिलेली, 'ॲक्टिव्ह पीएफसी' असलेली पेटी आतला दाब आधी ठरावीक पातळीवर नेते, म्हणून ती उतरत्या दाबातही टिकते.

तिसरी गोष्ट उन्हाची. घाटाखाली मे महिन्यात पारा ४४ अंशांपर्यंत जातो. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य तापमान १० अंशांनी वाढले की साधारण निम्मे होते. २००४ मध्ये सुरू झालेल्या '८० प्लस' या प्रमाणपत्राची चाचणी मात्र सुमारे २३ अंशांना होते. चिन्ह उपयोगी आहे, पण लेबलावर पूर्ण वॅट कोणत्या तापमानाला मिळतील तेही पाहावे. ४० अंश लिहिले असेल तर उत्तम.

चौथी गोष्ट अर्थिंगची. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर अनेकदा दोष पेटीचा नसतो. पेटीतल्या गाळणीचे लहान कपॅसिटर धातूच्या खोक्याला जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर खोके मुख्य दाबाच्या जवळपास निम्म्यावर तरंगते. आपल्या काळ्या पाषाणात उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडतो आणि अर्थिंग निकामी होते. त्यात पाणी घालत राहावे आणि तारतंत्र्याकडून तपासून घ्यावे. याला महागडी पेटी हा उपाय नव्हे.

हिशेब

शाळेतल्या साध्या संगणकाला सुमारे ६० वॅट लागतात. ६५ टक्के कार्यक्षमतेची पेटी त्यासाठी ९२ वॅट ओढेल, ८५ टक्क्यांची ७१. दहा संगणक, रोज ४ तास, वर्षाला २२० दिवस. फरक सुमारे १९० युनिटांचा. युनिट ८ रुपये धरले तर वर्षाला दीड हजार रुपये, म्हणजे संगणकामागे दीडशे. नुसत्या वीजबिलातून महाग पेटीची किंमत भरून निघायला बरीच वर्षे लागतील, हे समितीला प्रामाणिकपणे सांगावे. खरी बचत दुसरीकडे आहे. हलकी पेटी जाताना कधी मदरबोर्ड आणि हार्ड डिस्कही घेऊन जाते. लोकवर्गणीतून आलेला संगणक मग कोपऱ्यात धूळ खात पडतो आणि त्या वर्षीची मुले संगणक न हाताळताच पुढच्या वर्गात जातात.

त्याच हिशेबाने उगाच मोठी पेटीही घेऊ नये. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसेल तर ३०० ते ४५० वॅटची, १२ व्होल्टवर पुरेसे अँपिअर असलेली, ॲक्टिव्ह पीएफसीची आणि तीन वर्षांहून अधिक वॉरंटीची पेटी पुरते. ७५० वॅटचे पैसे अर्थिंग आणि स्टॅबिलायझरवर घातलेले बरे. जुन्या पेटीच्या मागे ११५-२३० असा लाल स्विच असेल तर तो २३० वर चिकटपट्टीने पक्का करावा. कुतूहलाने मुलाने तो सरकवला की क्षणात स्फोटासारखा आवाज होऊन पेटी संपते. वळवाच्या विजा कडाडू लागल्या की प्लग काढावा. बटन बंद केले तरी एटीएक्स पेटी पूर्ण झोपत नाही.

निकामी झालेली पेटी वर्गात उघडून दाखवता येते, पण एक पथ्य पाळून. प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपासचा भार राहू शकतो आणि तो जीवघेणा ठरू शकतो. जाणकार तारतंत्र्याने तो उतरवल्यावरच झाकण मुलांसमोर न्यावे. मग जुन्या स्टॅबिलायझरचा ट्रान्सफॉर्मर एका हातात आणि या पेटीतला दुसऱ्या हातात द्यावा. दोन्हींच्या वजनात एवढा फरक का, हा प्रश्न मुलेच विचारतील.