भोंगा, खोली आणि लोकल

गिरणगावात एकेकाळी घड्याळाची फारशी गरज पडायची नाही. पाळी सुरू होण्याआधी गिरणीचा भोंगा वाजायचा आणि लालबाग, परळ, डिलाईल रोडच्या चाळींमधून माणसं बाहेर पडायची. पायीच निघायची आणि थोड्या वेळात गिरणीच्या गेटवर हजर. आज त्याच परळला नोकरीसाठी येणारी पंचविशीतली कितीतरी पोरं विरार, डोंबिवली, बदलापूरहून येतात आणि फोनवर लोकलची वेळ बघून घर सोडतात. या दोन सकाळींच्या मधे काय घडलं ते पाहायचं, तर वाहतुकीचा आणि जागेचा इतिहास एकत्रच वाचावा लागतो.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली प्रवासी गाडी धावली, हे शाळेत आपण सगळ्यांनी पाठ केलंय. पण ती रेल्वे रोज कामावर जाणाऱ्यांसाठी बांधली नव्हती. आतल्या मुलखातला कापूस बंदरापर्यंत आणणं हा तिचा मोठा हेतू होता. पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, कावसजी दावर यांनी ताडदेवला मुंबईतली पहिली कापडगिरणी उभारायला घेतली. गिरण्या वाढल्या तसे कोकणातून आणि घाटावरून लोक आले आणि गिरणीच्या आसपासच राहिले.

जवळ राहण्याचं कारण साधं होतं. ९ मे १८७४ ला मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली. कुलाबा ते पायधुणी आणि बोरीबंदर ते पायधुणी असे तिचे दोन मार्ग होते आणि भाडं तीन आणे. रोज जाता-येता एवढे पैसे मोजणं कामगाराला परवडणारं नव्हतं. त्यामुळे पाय हेच त्याचं वाहन आणि पाय नेतील तेवढंच त्याचं शहर.

या जगण्याचे गोडवे गाण्याचं कारण नाही. दहा बाय दहाच्या खोलीत दहा-बारा माणसं, एकाची पाळी संपली की त्याच जागेवर दुसऱ्याने पाठ टेकायची, सार्वजनिक नळ, अंधारे जिने. १८९६ मध्ये प्लेग आला तेव्हा या दाटीची किंमत शहराने मोजली. मग १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि पुढे दादर-माटुंगा भागात मोकळ्या रस्त्यांच्या, हवेशीर वसाहती आखल्या गेल्या.

तिथे राहून फोर्टातली नोकरी टिकवायची तर जलद गाडी हवी. ७ मे १९०७ ला ट्राम विजेवर आली. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला विजेची लोकल धावली आणि जानेवारी १९२८ पासून चर्चगेट-बोरिवली मार्गही विजेचा झाला. कारकून, शिक्षक, छोटे व्यापारी उपनगरांकडे सरकले. या पिढीला लोकलने खरंच काहीतरी दिलं: खिडकीतून येणारी हवा, मुलांना खेळायला अंगण आणि तरीही महिन्याचा पगार. दूर राहणं त्यांनी निवडलं होतं.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संप रीतसर मिटलाच नाही आणि बऱ्याच गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या चालल्या नाहीत. १९९१ च्या नियमांनुसार गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश हिस्सा मोकळ्या जागांसाठी आणि एक तृतीयांश सार्वजनिक घरांसाठी मिळायचा होता. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीपुरती उरली. उरलेल्या जमिनीवर मॉल, टॉवर आणि काचेची ऑफिसं आली. १९८१ मध्ये शहर विभागात सुमारे ३३ लाख लोक राहत होते, २०११ मध्ये सुमारे ३१ लाख. याच काळात बृहन्मुंबईची लोकसंख्या ८२ लाखांवरून सव्वा कोटीच्या आसपास गेली. म्हणजे काम परळला राहिलं, वाढलंही, पण माणसं उत्तरेला सरकली.

स्टेशनं मात्र जुन्या मापाचीच राहिली. परळ आणि एल्फिन्स्टन रोड ही ज्या भागाची स्टेशनं, तिथली कष्टकरी वस्ती गिरणीला चालत जायची. आता तिथे रोज हजारो लोक गाडीतून उतरू लागले. २९ सप्टेंबर २०१७ ला सकाळी पाऊस आला, लोक अरुंद पुलाच्या जिन्यावर थांबले, मागून पुढची गाडी रिकामी झाली. चेंगराचेंगरीत २३ जण गेले. त्यानंतर लष्कराला बोलावून काही महिन्यांत नवा पूल उभा केला गेला. तो इतक्या लवकर होऊ शकत होता, ही गोष्ट तेव्हा अनेकांना जास्त लागली.

हा एक दिवस बातमीत आला. बाकीचे दिवस येत नाहीत. नऊ डब्यांच्या गाडीची क्षमता सुमारे १,७०० होती आणि गर्दीच्या वेळी आत साडेचार हजारांहून जास्त लोक असायचे. रूळ ओलांडताना, दारातून पडून आणि अशाच इतर कारणांनी उपनगरी मार्गांवर वर्षाला दोन हजारांहून जास्त माणसं मरतात. वाचलेल्यांचं जे जातं ते मोजलं जात नाही: झोप, मुलांशी बोलणं, रियाज, परीक्षेची तयारी. डब्यात भाजी निवडणाऱ्या, भजन म्हणणाऱ्या बायकांचं आपण कौतुक करतो. त्यांच्या मैत्रीचं करावंच. पण भाजी गाडीत निवडावी लागते, कारण घरी पोचल्यावर वेळ उरलेला नसतो.

गिरणी कामगारांच्या वारसांना घरं देण्यासाठी अलीकडे शेलू आणि वांगणी ही नावं पुढे आली. दोन्ही गावं बदलापूरच्या पलीकडे, कर्जत मार्गावर. वांगणीहून दादरला यायला लोकलने सव्वा-दीड तास लागतो, तोही गाडी वेळेवर असेल तर. कामगार संघटनांनी याला विरोध केला आणि घरं मुंबईतच मागितली. ‘फुकटात मिळतंय तर घ्या की’, असं म्हणणारेही आहेत. पण ज्याचा आजोबा पायी कामावर जायचा, त्या नातवाला आपण रोजचे तीन तास गाडीत घालवायला सांगतोय. ते तीन तास घराच्या किमतीत धरले, तर हिशेब बदलतो.