तराजूत न चढलेली माणसे



काही वर्षांपूर्वी आठवीच्या वर्गात मी अफूच्या युद्धांचा धडा शिकवीत होतो. चीनची बंदरे, इंग्रजांची जहाजे, 1842 चा नानकिंगचा तह, सारे सांगून झाले. तेव्हा मागच्या बाकावरील एका मुलाने उठून विचारले, "सर, ती अफू आपल्या माळव्यातूनही जात होती ना? मग इथे जे अफू खात होते, त्यांचे पुढे काय झाले?" तेवढ्यात घंटा झाली आणि माझी सुटका झाली; पण त्या प्रश्नाच्या तावडीतून मी अद्याप सुटलो नाही. आजचे भाषण हे त्या मुलाला दिलेले उशिराचे उत्तर समजावे.

माळव्याची काळी जमीन खसखशीच्या पिकाला मानवणारी. येथील अफू संस्थानी मुलखातून बाहेर पडे. तिला अडविण्याचे कंपनी सरकारचे प्रयत्न फसले, तेव्हा 1830 च्या सुमारास सरकारने धोरण बदलले. व्यापाऱ्याने जकात भरावी, परवाना घ्यावा आणि माल मुंबईस न्यावा! सुमारे 140 पौंडांच्या एका पेटीस आरंभी 175 रुपये जकात होती. माल दमणच्या चोरवाटेने जाऊ लागला, म्हणून 1835 मध्ये ती 125 वर आणली. 1843 मध्ये सिंध इंग्रजांच्या हाती आला, कराचीची वाट बंद झाली आणि जकात चढू लागली. 1847 पर्यंत ती 400 वर गेली आणि पुढे 700 रुपयांपर्यंत पोहोचली. या कारभारासाठी इंदुरात सरकारचा अफू-अधिकारी बसत असे. पेटी तोलली जाई, परवान्यावर शिक्का बसे, आणि तोळ्यातोळ्याचा हिशेब ठेवला जाई.

हा पैसा कोठे गेला? पुष्कळसा सरकारी तिजोरीत गेला. काही पेढ्यांत आणि पुढे गिरण्यांत गेला. काही धर्मादायासही लागला, हे न्यायाने सांगितले पाहिजे. चीनच्या व्यापारात, ज्यात माळव्याची अफू मोठी होती, सर जमशेटजी जीजीभाई यांनी संपत्ती मिळविली, आणि त्यांच्याच देणगीतून 1845 मध्ये मुंबईचे जे. जे. रुग्णालय उभे राहिले. म्हणजे अफूच्या पैशाने दवाखाना बांधला गेला. परंतु अफू खाणाऱ्याचे काय होते, याचा शोध घेण्यास पैसा निघाला नाही. माळव्यात कसुंब्याचा पेला मानाचा होता, कामावर जाणारी आई तान्ह्या मुलाने झोपावे म्हणून त्याला अफूचा कण चाटवीत होती. पण त्या माणसांसाठी कोणी तराजू टांगला नाही.

हा प्रश्न प्रथम मोठ्याने विचारणाऱ्यांत एक मराठी बाई होती. पुण्याच्या सुंदराबाई पवार यांनी इंग्लंडमध्ये अफूविरुद्ध व्याख्याने दिली आणि 1892 मध्ये इंग्रजीत एक पुस्तिका लिहून अफूमुळे उद्ध्वस्त झालेल्या हिंदी बायकांचे हाल मांडले. पुढल्याच वर्षी लॉर्ड ब्रासी यांच्या अध्यक्षतेखाली शाही आयोग नेमला गेला. शेकडो साक्षी झाल्या, जाडजूड खंड छापले गेले, आणि 1895 मध्ये निष्कर्ष निघाला की, बेताने घेतलेल्या अफूपासून हिंदी माणसाला विशेष अपाय नाही. हेन्री विल्सन या एका सभासदाने तेवढा भिन्न मतप्रदर्शनाचा लेख जोडला. ज्या व्यापारातून सरकारला उत्पन्न होते, त्याच व्यापाराची चौकशी त्याच सरकारने नेमलेल्या मंडळींनी केली, हे येथे ध्यानात ठेवावे.

चीनशी 1907 मध्ये करार झाला आणि काही वर्षांत माळव्याची ती निर्यात संपली. स्वतंत्र भारताने 1959 पर्यंत अफू खाण्याची मुभा बंद केली. 1985 मध्ये अंमली पदार्थांविरुद्ध कडक कायदा आला. अफू दुर्मीळ झाली, तसे तिचे तीव्र रूप हेरॉइन पसरले, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. केंद्र सरकारसाठी झालेल्या 2019 च्या पाहणीत अफू घेणारे 0.52 टक्के आणि हेरॉइन घेणारे 1.14 टक्के आढळले. सुईने नशा करणारे सुमारे साडेआठ लाख. आणि एकाची सुई दुसऱ्याच्या हाती गेली की, तिच्या टोकावरून एच.आय.व्ही. चालत जातो.

हे संकट आपल्या नजरेस कसे आले? 1986 मध्ये चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. निर्मला यांनी तपासणी केली, म्हणून देशातील पहिले रुग्ण दिसले. मणिपुरात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची प्रयोगशाळा सुईने नशा करणाऱ्यांचे रक्त तपासत होती. 1989 च्या सप्टेंबरात त्यांच्यात लागण शून्य होती. सहा महिन्यांत ती पन्नास टक्क्यांवर गेली. कोणी मोजतच नसते, तर ते कळायला आणखी किती वर्षे गेली असती! 1992 मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि त्याच वर्षी पुण्याजवळ भोसरी येथे एड्सच्या संशोधनाची राष्ट्रीय संस्था निघाली.

मोजणीने विषमताही उघडी पाडली. 2019 च्या अंदाजानुसार देशातील प्रौढांत लागणीचे प्रमाण 0.22 टक्के होते. परंतु मिझोराममध्ये 2.32, नागालँडमध्ये 1.45 आणि मणिपूरमध्ये 1.18. आदिवासींचे, अल्पसंख्याकांचे, दिल्लीपासून दूरचे हे मुलूख. ओझे त्यांच्यावर पाच ते दहापट पडावे, हे त्यांच्या स्वभावाचे फळ नव्हे. ब्रह्मदेशातून येणाऱ्या हेरॉइनची वाट त्यांच्या दारावरून जाते, आणि दवाखान्याची वाट मात्र लांबची आहे. या ज्ञानातूनच नवी सुई देणे, तोंडाने घ्यायचे औषध देऊन सुई सोडविणे, हे उपाय सरकारी कार्यक्रमात आले.

या कामासाठी परदेशातूनही पैसा आला. जागतिक बँकेचे कर्ज आले. गेट्स प्रतिष्ठानचा 'आवाहन' प्रकल्प 2003 मध्ये सुरू झाला, तो महाराष्ट्रासह सहा राज्यांत चालला. पुढे तो सरकारने आपल्याकडे घेतला, हे फार चांगले झाले. कारण परक्याची ओंजळ केव्हा मिटेल याचा नेम नसतो. 2025 च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशांची मदत एकाएकी रोखली, आणि जगभरची एड्सविषयक कामे अडचणीत आली.

कोणी म्हणेल, व्यसनी माणसासाठी सार्वजनिक पैसा का खर्चावा? माझे उत्तर सरळ आहे. याच माणसांच्या व्यसनावर एकेकाळी राज्याची तिजोरी भरली. मंदसौर-नीमच भागात आजही सरकारी परवान्याने औषधासाठी अफू पिकते, आणि तिचा प्रत्येक किलो तोलला जातो. जो हात पिकासाठी इतका काटेकोर, त्याने माणसासाठी हात आखडता का घ्यावा? लागणीचा शोध घेणारा पैसा ही दया नव्हे. ते जुन्या हिशेबातील राहिलेले देणे आहे.

आणि बाळा, तुझ्या प्रश्नाचे उत्तर? माळव्यातल्या त्या माणसांचे काय झाले, हे कोणी नीट लिहून ठेवले नाही. आजच्यांचे लिहून ठेवणे आपल्या हाती आहे.