मज्जातंतू म्हणजे नुसती तार नव्हे

शिरपूरला शिक्षकांशी बोलताना आम्हांला हमखास विचारले जाते: संप्रेरके रक्तातून जातात, मज्जातंतूंतून वीज, मग दोन्ही एकाच धड्यात का?

१९२१ साली ऑटो लोवी यांनी बेडकाच्या हृदयाचा मज्जातंतू उद्दीपित केला, ठोके मंदावले. त्या हृदयातला द्रव दुसऱ्या हृदयाला दिला, तर तेही मंदावले! म्हणजे तंतूच्या टोकाशी संदेश रसायनाच्या रूपाने बाहेर पडतो.

ही गोष्ट पुढे नेण्यात आपल्या सर्पगंधेचा वाटा मोठा. तिच्या मुळांनी उच्च रक्तदाब उतरतो, हे मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्या मुळांतून रेसर्पीन वेगळे काढले गेले. मज्जातंतूंच्या टोकांशी असलेला नॉरॲड्रिनॅलिनचा साठा रेसर्पीनमुळे रिता होतो. रक्तवाहिन्यांना आकसण्याचा निरोप पोचत नाही आणि दाब उतरतो. मेंदूतले साठेही आटतात. काही रुग्णांना खिन्नता आल्याच्या नोंदी झाल्या, त्या यामुळेच महत्त्वाच्या ठरल्या. १९५७ मध्ये स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी रेसर्पीनने निपचित पडलेल्या प्राण्यांना एल-डोपा देऊन पुन्हा हिंडते केले. कंपवातावरील उपचाराची वाट त्यातूनच निघाली.

हेच नॉरॲड्रिनॅलिन अधिवृक्क ग्रंथीतून रक्तात आले, की त्याला आपण संप्रेरक म्हणतो. एक टपालाने गेलेले पत्र, दुसरी हातोहात दिलेली चिठ्ठी, शाई एकच. वर्गात मज्जातंतूला तार म्हणताना तिच्या टोकाशी असलेली फटही फळ्यावर जरूर काढू या.